आबांचं मानपत्र लिहिताना

चि. ...
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आबा येत्या सर्वसाधारण सभेत आपल्या फुटबॉल खेळणाऱ्या तालमीचं अध्यक्षपद सोडतायत आणि पाठीराख्यांच्या वतीने मानपत्र लिहायचं काम पोरांनी तुझ्यावर टाकलंय, हे वाचून बरं वाटलं. सोबतचा कच्चा मजकूरही दोनदा वाचला. भाषा नीट आहे, शुद्धलेखन नीट आहे. पण ‘कुशल नेतृत्व’, ‘अथक परिश्रम’, ‘मोलाचं मार्गदर्शन’ या शब्दांत आबा कुठे दिसतच नाहीत. नाव बदललं तर हाच मजकूर उद्या एखाद्या पतसंस्थेच्या चेअरमनलाही चालेल. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आबांना ओळखणाऱ्या माणसाने तो ऐकला आणि त्याला आबा आठवले नाहीत, तर एवढं लिहून उपयोग काय?

तू पिवळा-काळा टी-शर्ट घालून पेठेत फिरतोस. डॉर्टमुंड या जर्मन फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक क्लॉप तुला ठाऊक आहे, खेळाडू रॉइस ठाऊक आहे. त्या क्लबचे माजी अध्यक्ष राइनहार्ड राउबाल यांचं नाव मात्र तू बहुधा ऐकलेलं नसशील. मी फाउंड्रीच्या कामासाठी त्या भागात राहिलो, तेव्हा दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये उभं राहून सामने पाहिले. तिथे पंचवीस हजारांच्या आसपास माणसं उभ्याने सामना बघतात. निवेदक खेळाडूचं पहिलं नाव पुकारतो आणि आडनाव सगळा स्टँड ओरडतो. अध्यक्षाचं नाव असं कोणी पुकारत नाही. तरीही जुन्या पाठीराख्यांच्या बोलण्यात राउबाल यायचेच, आणि ते कशासाठी यायचे हे तू समजून घ्यावंस असं मला वाटतं.

१९७९ मध्ये ते पहिल्यांदा अध्यक्ष झाले तेव्हा अवघे ३२ वर्षांचे होते, पेशाने वकील. बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीतल्या सर्वात वरच्या फुटबॉल श्रेणीत, तोवर इतका तरुण अध्यक्ष झाला नव्हता. १९८२ मध्ये पायउतार झाले. १९८४ मध्ये क्लब पैशांच्या अडचणीत सापडला, तेव्हा पुन्हा आले. ती वर्षं काही चांगली नव्हती. १९८६ च्या मे महिन्यात संघ खालच्या श्रेणीत घसरायच्या बेतात होता. फोर्टुना कोल्नशी दोन सामन्यांत फैसला व्हायचा होता आणि पहिला सामना डॉर्टमुंड ०-२ हरलं. घरच्या मैदानावर मध्यंतराला पुन्हा एक गोल मागे. मग दोन गोल झाले, तरी एक कमीच. शेवटच्या मिनिटाला युर्गेन वेग्मनने चेंडू कसाबसा जाळ्यात ढकलला, ३-१ झालं, एकूण गोल बरोबरीत आले आणि तिसरा सामना खेळवावा लागला. तो डॉर्टमुंडने ८-० जिंकला. चषक नाही, मिरवणूक नाही, फक्त वरच्या श्रेणीतली जागा टिकली. तिथल्या म्हाताऱ्यांना तो गोल आजही युरोपातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेतल्या, चॅम्पियन्स लीगच्या, विजयाइतका जवळचा वाटतो.

तो विजय १९९७ चा. तेव्हा राउबाल अध्यक्ष नव्हते, ते श्रेय दुसऱ्यांचं आहे. पण त्याच वैभवाच्या काळात खर्चाचा हात सुटला. २००० मध्ये क्लबची कंपनी शेअर बाजारात गेली, जर्मनीत असं करणारा हा पहिलाच क्लब. महागडे खेळाडू आले, पुढे स्टेडियमसुद्धा विकून त्यातच भाड्याने राहायची पाळी आली. स्वतःच्या घरात भाडेकरू! २००४ च्या नोव्हेंबरात जुने अध्यक्ष पायउतार झाले आणि राउबाल तिसऱ्यांदा आले. तोवर वय ५७. वकिली उत्तम चाललेली, नाव झालेलं. आणि हे पद बिनपगारी. अशा वेळी बुडत्या संस्थेचं दार उघडून आत जाणारा माणूस काय विचार करत असेल, ते जरा मनात आणून बघ. आबांनी अध्यक्षपद घेतलं तेव्हा तालमीवर किती देणं होतं, हे तुझ्या मजकुरात कुठेच नाही. विचार कुणाला तरी.

१४ मार्च २००५ या दिवशी ड्युसेलडॉर्फ विमानतळावर एक सभा झाली. स्टेडियम ज्या फंडाने घेतलं होतं, त्याच्या गुंतवणूकदारांनी सवलत द्यायची की नाही हे तिथे ठरणार होतं. ‘नाही’ म्हणाले असते तर क्लबचं दिवाळं निघालं असतं. त्यांनी प्रचंड बहुमताने ‘हो’ म्हटलं. पुढच्याच वर्षी कर्ज काढून स्टेडियम परत घेतलं. २००८ मध्ये क्लॉप आले, २०११ आणि २०१२ मध्ये लागोपाठ विजेतेपदं मिळाली. तुझ्या पिढीचं डॉर्टमुंड इथून सुरू होतं.

आता नीट वाच, कारण मानपत्र लिहिणाऱ्याचा पाय नेमका इथे घसरतो. हे सगळं राउबाल यांनी केलं असं मी लिहिलं, तर ते खोटं ठरेल. आकडेमोड, वाटाघाटी, कंपनीचा रोजचा कारभार हे हान्स-योआखिम वात्स्के यांनी सांभाळलं. विमानतळावर होकार दिला तो गुंतवणूकदारांनी. त्या पडत्या काळात कट्टर प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिकनेही २० लाख युरो उसने दिले होते. मैदानावर घाम गाळला तो खेळाडूंनी. मग राउबाल यांचं काय? लोकांचा विश्वास उडालेला असताना ज्याच्या शब्दावर विसंबावं असा एक माणूस त्या खुर्चीत बसला आणि पुढची १८ वर्षं बसला. प्रशिक्षकाच्या कामात लुडबुड केली नाही, विजयाच्या फोटोत पुढे घुसला नाही. एवढं पुरेसं आहे. आबांच्या पदरात दुसऱ्याचं श्रेय टाकू नकोस. त्यांचं स्वतःचं कमी नाही. गेल्या हंगामातला विजय तुझ्या मजकुरात पूर्ण आबांच्या नावावर आहे. प्रशिक्षकाचं नाव एकदाही नाही. आबा स्वतः ते ऐकताना खाली मान घालतील, मी त्यांना ओळखतो.

डॉर्टमुंड क्लबचे दीड लाखांहून जास्त सभासद आहेत आणि अध्यक्ष त्यांच्या सभेत निवडला जातो. जर्मनीत क्लबच्या कंपनीत मताधिकाराचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडे राहावं असा नियम आहे, त्याला ५०+१ म्हणतात. म्हणून तिथला पाठीराखा आभार मानतो तेव्हा तो मालक म्हणून मानतो. आपल्या तालमींचंही तसंच आहे. पेठेतल्या माणसांची वर्गणी, पेठेतली पोरं, पेठेनेच निवडलेला अध्यक्ष. तेव्हा ‘आपल्या कृपाछत्राखाली’ हे शब्द काढ. आबांची आपल्यावर कृपा नव्हती, त्यांनी आपलं काम केलं आणि मनापासून केलं. ताठ मानेने मानलेले आभार त्यांना जास्त आवडतील. त्यांच्याशी तुमचं ज्यावरून वाजलं होतं, तेही एका ओळीत येऊ दे. तिकिटांच्या वाटपावरून तुम्ही पोरं त्यांच्या दारात गेला होता आणि त्यांनी सगळ्यांना चहा पाजून, हिशोबाची वही पुढे ठेवून बोलणं केलं होतं, हे तूच मला मागे सांगितलं होतंस. ते लिही.

आणि तो गुडघ्याचा प्रसंग. तू तो चौथ्या परिच्छेदात एका वाक्यात उरकलायस. राखीव फळीतल्या पोराचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशनच्या आदल्या रात्री आबा दवाखान्याच्या बाकावर बसून होते, पोराच्या आईला घरी पाठवलं आणि सकाळी बिलाचं पाकीट काउंटरवर देऊन कुणाला न सांगता निघून गेले. मानपत्राची सुरुवात इथून कर. तो पोरगा पुन्हा पहिल्या संघात आलाच नाही, हेही लिही. ज्या खेळाडूचा संघाला आता काही उपयोग नाही, त्याच्यासाठी अध्यक्ष काय करतो यावरून त्याची पारख होते.

मैदानावर फक्की मारणाऱ्या मामांना भेट. पोलीस परवानगीच्या वेळी आबांबरोबर कोण जायचं, त्याला विचार. सामन्यांवर बंदी आली तेव्हा पोरांना घरी बसवणं किती अवघड गेलं, ते त्यालाच ठाऊक असेल. जे घडू दिलं नाही त्याचा फोटो नसतो, म्हणून ते कुणीतरी लिहून ठेवावं लागतं.

‘असा अध्यक्ष पुन्हा होणे नाही’ हे शेवटचं वाक्य मात्र खोडच. समोर पहिल्या रांगेत नवा अध्यक्ष बसलेला असेल. त्याच्या पहिल्याच दिवशी त्याला असं ऐकवायचं? २०२२ च्या नोव्हेंबरात राउबाल निवृत्त झाले तेव्हा क्लबचे खजिनदार राइनहोल्ड लुनोव त्यांच्या जागी आले. वर्षानुवर्षं सोबत काम केलेला, कारभाराची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस. सभेने राउबाल यांना मानद अध्यक्ष केलं आणि कारभार पुढे चालू राहिला. आबांनीही दोन वर्षं आधीपासून नव्या माणसाला प्रत्येक बैठकीला बरोबर नेलं, हे मी पाहिलंय. त्याबद्दल आभार मान, त्या माणसाच्या देखत.

फ्लेक्स लावणार असाल तर त्यावर आबांचा एकट्याचा फोटो लावा, तुमचे पंधरा-वीस चेहरे नकोत. शाल-श्रीफळ द्या, फेटा बांधा, पण आबांच्या पत्नीला, काकींना, स्टेजवर बोलवायला विसरू नका. हंगामात त्या घरी रात्री अकराआधी कधी ताट वाढलं गेलं नाही. वाचन तीन-चार मिनिटांत संपव. आबांचे गुडघे आता दुखतात आणि मानपत्र चालू असताना ते खुर्चीवर बसणार नाहीत.

नवा मजकूर झाला की पाठव. सभेच्या आधीच्या रविवारपर्यंत मिळाला तर मी पाहून देईन. मामांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
काका