भारत खेळतच नसतो, मग आयपीएलमध्ये लोक नेमके कोणासाठी ओरडतात?

तुम्ही विचारलंय, की कसोटी आणि वर्ल्ड कप तुम्ही आवडीने बघता, पण आयपीएलमध्ये दोन्ही बाजूंना आपलेच खेळाडू आणि जोडीला लिलावात घेतलेले परदेशी. मग बाजू कोणाची घ्यायची, आणि लोकांना त्यात एवढं काय दिसतं?

मी 2008 पासून मुंबई इंडियन्सचा आहे, त्यामुळे मनापासून सांगतो. तुम्हाला जी अडचण वाटते, तिथेच या क्रिकेटची सगळी ओढ आहे. भारताची मॅच असली की आपण खेळ कमी आणि निकाल जास्त बघतो. समोरच्याने सुरेख कव्हर ड्राइव्ह मारला तरी दाद द्यायला जीभ रेटत नाही. आपले चार गडी झटपट गेले की टीव्ही बंद. फ्रँचायझी क्रिकेटमध्ये, म्हणजे आयपीएलसारख्या खासगी मालकीच्या संघांच्या स्पर्धेत, हरल्यावर वाईट वाटतं, खूप वाटतं, पण समोरच्याचं कौतुक करायला मन मोकळं राहतं.

नोव्हेंबर 2015 मधली बेंगळुरूची कसोटी आठवते का? भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, एबी डिव्हिलियर्सचा शंभरावा सामना. तो फलंदाजीला आला आणि चिन्नास्वामी स्टेडियम 'एबीडी, एबीडी' करत दणाणून गेलं. मैदानात गोलंदाजी भारताची चालली होती! पण 2011 पासून तो आयपीएलमध्ये बेंगळुरूच्या रॉयल चॅलेंजर्सकडून तिथेच खेळत होता, बेंगळुरूकरांसाठी तो घरचा झाला होता. त्याने 85 केल्या. पुढचे चारही दिवस पावसाने खाल्ले, पण त्या सामन्यातलं मला आठवतं ते हेच.

माझा स्वतःचा अनुभव 12 मे 2019 चा. हैदराबादला फायनल, मुंबई विरुद्ध चेन्नई. आम्ही फक्त 149 केलेल्या. चेन्नईचा शेन वॉटसन एक बाजू धरून होता. सोळाव्या षटकात आमच्या मलिंगाला 20 धावा पडल्या, अठराव्यात आमच्याच कृणालला वॉटसनने तीन षटकार मारले. एकोणिसावं बुमराहने जीव तोडून टाकलं, पण शेवटचा चेंडू आमचा यष्टिरक्षक क्विंटन डी कॉकच्या हातून निसटला आणि बायच्या चार धावा गेल्या. एवढ्या घासलेल्या सामन्यात कोणीही भडकला असता. बुमराह हसत त्याच्याकडे गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते दृश्य मी नंतर कितीतरी वेळा बघितलंय.

शेवटच्या षटकात 9 हव्या होत्या, आणि चेंडू पुन्हा मलिंगाकडेच. चौथ्या चेंडूवर दुसरी धाव घेताना वॉटसन 80 वर धावबाद झाला. शेवटच्या चेंडूवर 2 हव्या असताना मलिंगाने संथ यॉर्कर टाकला, शार्दुल ठाकूर पायचीत. आम्ही एका धावेने जिंकलो. मी नाचलोच. दुसऱ्या दिवशी कळलं, की वॉटसनचा गुडघा फुटलेला होता, पँटवर रक्त उतरलं होतं आणि सामन्यानंतर टाके घालावे लागले. तो कोणाला काही बोलला नव्हता. त्या दिवसापासून हा प्रतिस्पर्धी मला आपल्या विजयाइतकाच जवळचा वाटतो. 'पैशासाठी खेळतात' हे वाक्य ऐकलं की मला तो गुडघा आठवतो.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे नवी मुलं. संघात परदेशी चारच खेळवता येतात, म्हणजे अकरापैकी किमान सात जण इथलेच लागतात. ही सात नावं शोधायला प्रत्येक फ्रँचायझीची माणसं गावोगावच्या स्पर्धा पालथ्या घालतात. एप्रिल 2013 मध्ये मुंबईने एका विचित्र अ‍ॅक्शनच्या पोराला कोहलीसमोर उभं केलं. रणजीत त्याचं पदार्पणही झालं नव्हतं. पहिल्याच षटकात चौकार बसले आणि त्याच षटकात त्याने कोहलीला पायचीत केलं. तो जसप्रीत बुमराह. भारताकडून तो खेळला 2016 मध्ये. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं आम्ही त्याला घडताना बघत होतो. असा खेळाडू पुढे निळ्या जर्सीत उतरतो, तेव्हा तो आधीच ओळखीचा असतो.

आता दुखरी बाजू. 2013 चं स्पॉट फिक्सिंग विसरण्यासारखं नाही. त्या प्रकरणातून चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षं बाहेर बसले. इम्पॅक्ट प्लेअरचा नियम, म्हणजे सामना चालू असताना एक खेळाडू बदलून दुसरा आणायची मुभा, मला आवडत नाही, त्याने अष्टपैलू खेळाडूची किंमत कमी होते. आणि मेगा लिलाव, ज्यात बहुतेक खेळाडू संघ सोडून पुन्हा बोलीला लागतात, तो तर मुळावरच घाव घालतो. 2025 च्या आधी एका संघाला जास्तीत जास्त 6 खेळाडू राखता आले. एखाद्या पोरावर जीव लावायचा आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच रंगात दिसणार, हे मला पटत नाही. कोहली 2008 पासून एकाच संघात राहिला, म्हणून 2025 ला बेंगळुरूने पहिल्यांदा कप जिंकला तेव्हा इतर संघांच्या चाहत्यांचेही डोळे भरून आले. माझेही. दुसऱ्याच दिवशी तिथे चेंगराचेंगरीत 11 जीव गेले. एवढ्या प्रेमाची गर्दी सांभाळायची तयारी कोणी केली नव्हती, याचा राग अजून जात नाही.

प्रेमाची चुकीची बाजू आमच्याकडेही दिसली. 2024 मध्ये रोहितच्या जागी हार्दिक पंड्या कर्णधार झाला आणि वानखेडेवर आमच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मला ते अजिबात पटलं नव्हतं. जूनअखेर त्याच हार्दिकने बार्बाडोसला वर्ल्ड कप फायनलचं शेवटचं षटक टाकलं, आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर 'हार्दिक, हार्दिक'चा गजर झाला.

तेव्हा बाजू घ्यायची घाई करू नका. पुढच्या हंगामात कोणत्याही संघातला एक नवखा पोरगा निवडा, ज्याचं नाव तुम्ही आधी ऐकलेलं नाही. त्याचे सगळे सामने बघा, बाकावर बसलेला असला तरी. मे महिन्यापर्यंत त्याचा संघ तुमचा झालेला असेल.