विद्यार्थिनीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, पण 'कुणाला सांगू नका' म्हणाली. शाळेच्या समुपदेशकाने काय करावं?

पोलिसांना कळवावंच लागतं, गोपनीयतेची सबब इथे चालत नाही. पॉक्सो कायदा, 2012 चं कलम 19 सांगतं की 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला माहिती द्यायची. नाही दिली तर कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हमखास चूक म्हणजे मुख्याध्यापकांच्या कानावर घालून मोकळं होणं; तेवढ्याने तुमची जबाबदारी संपत नाही. पोलिसांकडून माहितीचा नोंद क्रमांक मागून घ्या. मुलीचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहा, खोदून विचारू नका. मात्र कळवणं म्हणजे बोभाटा नव्हे: तिचं नाव स्टाफरूममध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाता कामा नये.