सगळे म्हणजे नेमके कोण?

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. लातूर सोडून पुण्यात आलास, बोलताना ‘ण’चा ‘न’ होतो, ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, सेमिनारला उभं राहिलं की घसा कोरडा पडतो, ‘सगळे मला गावठी समजतात’, आणि आता तुलाही ते पटायला लागलंय. सगळे म्हणजे कोण, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाहीस. कागद घे आणि मधे उभी रेघ मार. डावीकडे ज्यांनी तोंडावर काही म्हटलं त्यांची नावं, आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे. उजवीकडे तुला जे वाटलं ते: अमका हसला, मागच्या बाकावर कुजबुज झाली, सर मोबाइल बघत होते. दोन्ही रकान्यांची सरमिसळ केलीस तर पुढचं काही वाचूच नकोस.

चार्ल्स कूली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली या प्रकाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या. समोरच्याला आपण कसे दिसतो याची कल्पना, त्यावरून तो काय मत बनवतो याची कल्पना, आणि त्यातून आपल्याला वाटणारा अभिमान किंवा लाज. बघ, पहिल्या दोन पायऱ्यांवर समोरचा माणूस नाहीच. तिथे तू एकटा आहेस. लाज तेवढी खरी. म्हणून म्हणतो, अंदाज तपासून घे.

क्लेक आणि स्ट्रेंटा या मानसशास्त्रज्ञांचा १९८० सालचा प्रयोग तुझ्यासाठीच केल्यासारखा आहे. मेकअपने गालावर व्रण रंगवायचा, आरशात दाखवायचा, मग ‘तडकू नये म्हणून क्रीम लावतो’ असं सांगून गुपचूप पुसून टाकायचा. माणूस अनोळखी व्यक्तीशी बोलून येतो आणि सांगतो, ती व्रणाकडे बघत होती, अवघडून बोलत होती. गालावर काहीच नव्हतं! ही माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना तसं खरोखर दिसलं. तुला मागचा बाक दिसतो तसंच.

आता उलट बाजू, कारण ‘लोकांकडे लक्ष देऊ नकोस’ हा फुकटचा सल्ला मी देत नाही. हॉफ आणि पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि उच्चजातीय मुलांची कामगिरी जवळपास सारखीच होती. सर्वांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. तशीच मुलं, तशीच कोडी. तेव्हा डाव्या रकान्यात कुणी खरंच ‘पानीवाला’ म्हणालं असेल, तर ती इजा आहे आणि लाज त्याने वाटून घ्यायची. मला कठोर म्हणतात, म्हणोत. डावा रकाना भरलेला असताना ‘तुझ्या मनाचे खेळ’ म्हणणारा मार्गदर्शक मला जास्त कठोर वाटतो.

तुझं खरं नुकसान वेगळीकडेच होतंय. पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तू ‘पाणी’ टाळायला ‘वॉटर’ म्हणतोस, ‘कारण’ टाळायला ‘बिकॉज’, आणि ‘आणि’च्या जागी नुसता थांबतोस. ण येणारा शब्द दिसला की वाक्य मधेच वळवतोस. ऐकणाऱ्याला न-णपेक्षा अडखळणंच जास्त कळतं. लपवण्याच्या धडपडीतच तू सर्वांत जास्त दिसतोस.

मग तपासायचं कसं? तीन मिनिटं बोल, मोबाइल दोनेक मीटरवर ठेवून, मागच्या कॅमेऱ्याने. पुढच्या कॅमेऱ्याने नको, स्वतःलाच बघत बसशील. रेकॉर्डिंग लगेच पाहू नकोस. आधी लिही: हात किती थरथरले, दहापैकी. चेहरा किती लाल. सर्वांत लांब थांबा किती सेकंदांचा. मग डोळे मिटून तो व्हिडिओ मनात चालव, आणि नंतरच खरा लाव. अनोळखी मुलाकडे बघतोस तसं बघ आणि फक्त दिसलेलं लिही. थांबा घड्याळ लावून मोज. ‘घाबरलेला वाटतो’ चालणार नाही. ‘उजवा हात दोनदा खिशात गेला’ चालेल. इथे बहुतेक जण चुकतात: बघताना पोटातली ती भीती पुन्हा आठवतात आणि पडद्यावर तीच शोधतात. आवाज विचित्र वाटेल, त्याचं काही मनावर घेऊ नकोस. स्वतःचा आवाज आपण हाडांतूनही ऐकतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. दहा वेळा पाहू नकोस, एकदा पुरे.

दुसरी तपासणी माणसांकडून. ‘कसं झालं?’ विचारलंस तर ‘भारी’ एवढंच मिळेल. ‘माझा दुसरा मुद्दा काय होता?’ हे विचार, तिघांना, वेगवेगळं. सांगता आला तर बोलणं पोचलं. नाही आला तर तो मुद्दा दुरुस्त कर, स्वतःला नव्हे.

ण शिकायचाच असेल तर शीक, कौशल्य म्हणून. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं, मन-मण, तान-ताण, खान-खाण अशा जोड्या रोज पाच मिनिटं. हळूहळू फरक पडेल. पण आधी तपासणी, मग ण. उलट क्रमाने केलंस तर ण जमेल आणि लाज दुसऱ्या अक्षरावर जाऊन बसेल. घरी मात्र ‘काय करलालास’ असंच बोल. आईशी प्रमाण मराठी झाडायला लागलास तर माझ्याशी गाठ आहे.

पुढच्या सेमिनारला निदान एकदा ‘पाणी’ म्हण, जसं येईल तसं. त्याआधी दोन रकान्यांच्या कागदाचा फोटो पाठव. व्हिडिओ पाठवू नकोस, तो मला नको आहे.