शेवटचं कडवं राहिलंय

प्रिय लेकी,

मंगळवारी रात्री नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेतून, गीतकारांची गाणी ऐकून, निघाल्यापासून घर येईपर्यंत तू गाडीत एक शब्द बोलली नाहीस. उतरताना मात्र दार धरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मावशी, त्या म्हाताऱ्याचं गाणं सगळ्यांना पाठ होतं आणि बाहेर पार्किंगमध्ये त्याला कुणी ओळखलं नाही. मी पण असंच व्हायला निघालेय का?" मग गाण्यांच्या प्रकाशकाबरोबर शुक्रवारपर्यंत सही करायचा तो करार माझ्या मांडीवर टाकून आत गेलीस.

करार मी दोनदा वाचला. तू पाठवलेली एकेचाळीस गाणीही ऐकली, सगळी, रात्री दोन वाजेपर्यंत. समोर बसलीस की तुझा चेहरा बघून मी मऊ होते, म्हणून लिहून पाठवतेय.

ओळख न मिळण्याचं दुःख मला सांगू नकोस. ब्लूबर्डच्या त्या खोलीत नव्वद खुर्च्या आहेत आणि त्या रात्री नव्वद माणसं श्वास रोखून बसली होती. त्या म्हाताऱ्याचा आवाज फाटला होता, वरचा सूर लागत नव्हता, तरी कुणी ग्लास उचलला नाही. एमी कर्लंड यांनी १९८२ मध्ये ग्रीन हिल्समधल्या दुकानांच्या रांगेत ते उपाहारगृह काढलं. १९८५ मध्ये डॉन श्लिट्झ, थॉम स्कायलर, फ्रेड नॉब्लॉक आणि पॉल ओव्हरस्ट्रीट या चार गीतकारांनी स्टेज सोडलं आणि खोलीच्या मधोमध, एकमेकांकडे तोंड करून खुर्च्या मांडल्या. तेव्हापासून तिथे तसंच बसतात. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी मागून सूर धरायचा, मग पुढच्याची पाळी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला साताऱ्याचं आमचं भजनी मंडळ आठवलं होतं. नॅशव्हिलमध्ये येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते, इंग्रजी बोलताना घसा कोरडा पडायचा, आणि त्या खोलीत मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. इथले वादक कॉर्डला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांना, नाव न देता १, ४, ५ असे आकडे लिहितात, पट्टी कुठलीही असो. म्हणजे आपला सा जसा हलतो तसाच यांचा १ हलतो. ते कळलं त्या दिवशी तर मी पेटी उघडून बसले होते. असो.

तर तुझ्या एकेचाळीस गाण्यांबद्दल. सुरुवाती चांगल्या आहेत, काही तर इतक्या चांगल्या की मला हेवा वाटला. पण एकेचाळीसपैकी अडतीस गाण्यांना शेवटचं कडवं नाही. पहिलं कडवं, ध्रुवपद, दुसरं कडवं, ध्रुवपद, मग दोन ओळींचं काहीतरी वेगळ्या चालीतलं, आणि पुन्हा ध्रुवपद, या वेळी जरा मोठ्याने. हे तुला कळत नाही असं नाही. सकाळी अकराला तिघांबरोबर गाणं लिहायला बसायचं, दोनला उठायचं, तीनला दुसऱ्या तिघांबरोबर बसायचं, असं आठ महिने चाललंय तुझं. तीन तासांत दोन कडवी होतात. तिसरं व्हायला कधी कधी एक माणूस मरावा लागतो.

अभंगात नाव कुठे येतं? शेवटी. 'तुका म्हणे' येईपर्यंत आमच्याकडे कुणी टाळ खाली ठेवत नसे. आधीच्या ओळी देवाच्या, जगाच्या, कुणाच्याही असतील. त्या कडव्यात मात्र तुकोबा स्वतः येऊन उभे राहतात आणि आपलं म्हणणं सांगतात. तुझ्या गाण्यात ती जागाच नाही, आणि तू मला विचारतेस की लोक गाणं लिहिणाऱ्याला ओळखत का नाहीत!

श्लिट्झ यांची गोष्ट तुला माहीत आहे, पण तू तिचा चुकीचा भाग लक्षात ठेवला आहेस. तेविसाव्या वर्षी, १९७६ च्या ऑगस्टमध्ये, त्यांनी 'द गॅम्बलर' लिहिलं. म्युझिक रोवरून, म्हणजे इथल्या संगीत कंपन्यांच्या वस्तीतून, चालत घरी जाताना बहुतेक सगळं डोक्यात तयार झालं, वीसेक मिनिटांत. वीस मिनिटं तेवढी सगळ्यांना आठवतात. शेवट मात्र सापडत नव्हता, आणि तो शोधण्यात त्यानंतर सुमारे सहा आठवडे गेले. तो शेवट काढून बघ: आगगाडीतल्या एका म्हाताऱ्याने केलेला पत्त्यांचा उपदेश उरतो. म्हातारा अंधारात शांतपणे जातो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीतरी ठेवून जातो, तिथे ते गाणं होतं. एवढं करूनही दोन वर्षं ते कुठे लागलं नाही. बॉबी बेअर यांनी ध्वनिमुद्रित केलं, इतरांनी केलं, आणि १९७८ मध्ये केनी रॉजर्स यांनी गायलं तेव्हा ते घरोघरी गेलं. त्या काळात श्लिट्झ व्हँडरबिल्ट विद्यापीठात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून रात्रपाळी करत होते.

ही रात्रपाळी मी मुद्दाम सांगतेय. "तू पूर्ण वेळ लिहिलं असतंस तर" असं मला तीस वर्षं ऐकवण्यात आलंय, नवऱ्याच्या मित्रांकडून, इथल्या प्रकाशकांकडून, आणि गेल्या वर्षी तुझ्याकडूनही. मी सत्तावीस वर्षं एका हॉस्पिटलच्या हिशेबखात्यात होते. घराचे हप्ते भरले, सासूबाईंचं औषधपाणी केलं, आणि तीस वर्षांत एकतीस गाणी लिहिली. त्यातलं एक एका अल्बमवर आहे, नववं, रेडिओवर कधी न वाजलेलं. मला त्याची लाज वाटत नाही. नोकरी होती म्हणून शेवटच्या कडव्यासाठी मी थांबू शकले. उपाशी माणसाला थांबता येत नाही. विली नेल्सन यांनी ह्यूस्टनला असताना आपलं एक गाणं पन्नास डॉलरला विकलं, दुसरं दीडशेला, कारण घरात मुलं होती. त्यांना कोण बोल लावणार? तुझ्यावर मात्र ती वेळ आलेली नाही. तुझ्याकडे दवाखान्यातली नोकरी आहे, आणि ती सोडायची भाषा तू करतेस.

आता करार. महिन्याला जी रक्कम देणार म्हणतात, तिला तू पगार म्हणतेस. ती उचल आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम देतो तीच. तुझ्या गाण्यांचे पैसे येतील तेव्हा आधी ती उचल फिटणार, मग तुझ्या हातात काही पडणार. अट काय आहे? वर्षाला बारा पूर्ण गाणी. चौघांनी मिळून लिहिलं तर ते पाव धरणार. म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस! अठ्ठेचाळीस गाण्यांची शेवटची कडवी तू कुठून आणणार आहेस?

हिशेब माझा धंदाच होता, म्हणून करून दाखवते. विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे गाणं लिहिणाऱ्यांचा इथल्या कायद्याने ठरलेला दर १९०९ पासून १९७७ पर्यंत २ सेंट होता. २००६ पासून २०२२ पर्यंत तो ९.१ सेंटवर थांबला, आणि २०२३ मध्ये १२ सेंट झाला. बारा सेंटने एक लाख प्रती धर. बारा हजार डॉलर. चौघांचे चार भाग, तुझ्या भागाचे तीन हजार, त्यातले अर्धे प्रकाशकाचे. दीड हजार डॉलर, आणि तेही उचलीत वळते. आज लाख प्रती विकत घेतं कोण, हा प्रश्न वेगळाच. खरे पैसे रेडिओचे. इथे अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की लिहिणाऱ्याला मिळतं, गाणाऱ्याला मिळत नाही. तो मंगळवारचा म्हातारा त्याच पैशांवर जगतोय, आणि त्याचं गाणं अजून वाजतं कारण ते पूर्ण आहे.

(आपल्याकडे तर गाणं गायिकेचंच म्हणायची रीत. गीतकाराला रॉयल्टीचा हक्क लिहून देता येणार नाही, तो त्याच्याकडेच राहील, असं कायद्यात यायला २०१२ साल उजाडलं.)

सही करायचीच असेल तर दोन गोष्टी मागून घे. जी गाणी ठरावीक वर्षांत कुणी ध्वनिमुद्रित केली नाहीत ती तुला परत मिळाली पाहिजेत, हे कलम. आणि गाण्यांची संख्या कमी, मग उचल कमी झाली तरी चालेल. त्यांनी हसून टाळलं तर उठून ये.

पहिलं कलम मी मागितलं नव्हतं. तुला हे कधी सांगितलं नाही. १९९८ मध्ये मी वडिलांवर एक गाणं लिहीत होते. सातारा स्टँड, पहाटेची मुंबईची एसटी, खिडकीतून आत दिलेला डबा, आणि गाडी हलली तरी हात खाली न करणारे बाबा. दोन कडवी अशी उतरली होती की लिहिताना मला थांबता आलं नाही. तिसरं येईना. माझ्या तेव्हाच्या प्रकाशकाकडचा माणूस म्हणाला, तिसऱ्याची गरज काय, ध्रुवपद पुन्हा घे, शुक्रवारी एका मोठ्या गायिकेकडे न्यायचंय. मी घेतलं. गाणं चौदा महिने 'होल्ड'वर राहिलं. त्या गायिकेसाठी राखून ठेवलेलं, म्हणून दुसऱ्या कुणाला ऐकवायचं नाही. चौदा महिन्यांनी तिचा अल्बम आला आणि त्यात ते नव्हतं.

गाणं घेतलं नाही याचं मला फार वाटलं नाही, ते इथे रोज होतं. पण नंतर एका लहानशा जागी, चौघांच्या फेरीत, मी ते म्हटलं. पुढच्याच टेबलावर एक बाई होती, साठीची असेल. गाणं संपल्यावर तिने टाळ्या वाजवल्या आणि मला विचारलं, "मग तुझ्या वडिलांचं काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही. मी त्यांना स्टँडवर हात वर करून उभं ठेवलं होतं आणि ध्रुवपद म्हणून निघून आले होते. २००१ च्या मे महिन्यात बाबा गेले. मी वेळेवर पोचले नाही. तिसरं कडवं २००९ मध्ये आलं, आठ ओळी, एका बैठकीत. गाणं अजून त्या प्रकाशकाच्या कपाटात आहे, दोन कडव्यांचं. इथल्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात साधारण पस्तीस वर्षांनी हक्क परत मागायची सोय आहे. तिच्या अटी बारीक आहेत, वकिलाकडून समजून घेतल्या, आणि आता वाट बघतेय.

मी हट्टी आहे हे मला माहीत आहे. दोन कडव्यांचीही उत्तम गाणी असतात, असं तू म्हणशील. असतात. पण ती दोन कडव्यांत संपलेली असतात, तुझी दुपारी दोन वाजता संपतात. गायक जॉर्ज जोन्स यांचं १९८० चं ते गाजलेलं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' घे. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन या दोघांनी लिहिलेलं, आणि निर्माते बिली शेरिल यांनी त्यांना ते पुन्हा पुन्हा लिहायला लावलं. एवढे मुरलेले लोक निमूट परत लिहायला बसले. तुला एकदा "शेवट नाही जमला" म्हटलं तर तू तीन दिवस फोन उचलला नाहीस.

आणि यश कधी येईल हे मला विचारू नकोस, कुणालाच विचारू नकोस. श्लिट्झ आणि ओव्हरस्ट्रीट यांचं 'ऑन दि अदर हँड' रँडी ट्रॅव्हिस यांनी गायलेलं १९८५ मध्ये कंट्री गाण्यांच्या यादीत ६७ व्या जागेवर अडकलं. १९८६ मध्ये तेच पुन्हा बाजारात आणलं आणि पहिलं आलं. ते आधीच पूर्ण होतं, म्हणून एक वर्ष टिकलं.

तुझ्या अडतीसांमध्ये एक आहे, चौदावं. कराडची आजी, ओट्यावरचा पिवळा दिवा, सगळी घरी येईपर्यंत जळणारा. बाकीच्या तिघांनी कराडचं टेनेसीतलं गाव केलं, ते मला चालेल. ओट्याचा पोर्च केला, तेही चालेल. पण दुसऱ्या कडव्यात आजी जाते आणि मग लगेच ध्रुवपद येतं, तोच दिवा, तेच शब्द, जसं काही झालंच नाही. तो दिवा आता कोण लावतं? घर बंद आहे ना? मीटर तोडलाय का? की शेजारच्या कुणाकडे किल्ली आहे? तुला माहीत नसेल तर आज रात्री आईला विचार, तिकडे सकाळ असेल.

गुरुवारी सातला ये. करार मी इथेच ठेवलाय, पानांवर पेन्सिलने खुणा केल्यात. गिटार आण, पिठलं-भात करते.

तुझी
मावशी