परसबागेतलं वाटप

बाळा, यावलकडच्या मातीत गिलक्याचा वेल एकदा चढला की आवरत नाही. गिलकी कोवळी असतानाच तोड आणि वाट. वेलावर जून झाली की आत जाळी धरते, नवी फळंही कमी लागतात. केळीचे जादा मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिलं, काढावेच लागतात, नाहीतर घड बारीक राहतो. त्यातला जोमदार मुनवा शेजाऱ्याला दे, फक्त चर्चमधल्यांनाच नको.

बायबलातल्या लेवीय 19:9-10 मध्ये शेताचा कोपरा गरीब आणि परक्यांसाठी न कापता ठेवायला सांगितलंय. म्हणजे त्यांना मागायलाही लावायचं नाही! कुंपणालगतचा एक वाफा तसाच सोड, येणारा-जाणारा तोडून नेईल. किडकी वांगी मात्र खतातच टाक. आणि कोणाला काय दिलं, ते रविवारी उपासनेनंतर सांगत बसू नकोस.