अमेरिकन संगीताच्या चेंबर ऑर्केस्ट्रा (छोटा वाद्यवृंद) मैफलीला पहिल्यांदाच जातोय. आधी काय ऐकून जाऊ?

अमेरिकन संगीतकार एरन कोपलंडचं 'अपालाचियन स्प्रिंग' ऐकाच, तेही मूळ १३ वाद्यांचं. नृत्यदिग्दर्शिका मार्था ग्रॅहमच्या नृत्यासाठी लिहिलेलं हे संगीत १९४४ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या छोट्या सभागृहात पहिल्यांदा वाजलं. जागा कमी, म्हणून वाद्यंही मोजकी. मला मोठ्या ऑर्केस्ट्रापेक्षा हेच आवडतं, प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं. शेवटाकडे क्लॅरिनेटवर शेकर या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाची साधी धून येते, ती ओळखून ठेवा. जमलं तर अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्हजचं 'द अनआन्सर्ड क्वेश्चन' ('अनुत्तरित प्रश्न'): ट्रम्पेट सात वेळा जवळजवळ तोच प्रश्न विचारतो आणि उत्तर देणारे फ्लूट चिडत जातात. नव्या रचनांची तयारी नको, त्या कोऱ्या कानांनीच ऐका. आणि हो, टाळ्या कंडक्टरचे हात खाली आल्यावरच, मधल्या थांब्यावर नाही.