पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे जंतुसंसर्गच, असे नव्हे

आपल्या आईंच्या सांधेदुखीविषयी आपण लिहिलेल्या पोस्टमधील तीन गोष्टी वाचताच आमच्या अक्कांचे जुने दुखणे आठवले: सकाळी तासभर बोटे न मिटणे, रक्तात पांढऱ्या पेशी 13,800 निघाल्यामुळे प्रतिजैविकांचा दुसरा कोर्स सुरू होणे, आणि सांधेदुखीच्या एका खासगी केंद्रातून आणलेल्या बिननावाच्या पुड्यांनी काही तासांत आराम पडणे. आपल्या आई विड्या वळतात, अक्काही तेच काम करीत असत. मी डॉक्टर नाही, यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहिण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे खालील मजकूर उपचार म्हणून न घेता डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून घ्यावा. आईंचा आरए फॅक्टर (रुमॅटॉइड संधिवातासाठीची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आला आहे, तेव्हा अँटी-सीसीपी ही त्याच आजाराची दुसरी रक्तचाचणी, हातांचे एक्स-रे वगैरे डॉक्टर सांगतीलच, त्यात मी शिरत नाही.

शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींनीच सांधे का सुजवावेत, हा आपला प्रश्न रास्त आहे. मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने 1882 मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत बारीक काटा टोचून ठेवला, तेव्हा दुसऱ्या दिवशी भटक्या पेशी त्या काट्याभोवती जमलेल्या दिसल्या. धोक्याचा इशारा मिळाला की जमायचे, एवढे या पेशी जाणतात. तो इशारा जंतूने दिला की शरीरातल्याच बिघाडाने, याची त्या चौकशी करीत नाहीत. रुमॅटॉइड संधिवातात हा इशारा आतूनच मिळतो. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करवतात, सांध्याच्या अस्तरात ठाण मांडलेल्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशी टीएनएफ आणि इंटरल्युकिन-6 ही रसायने सोडतात, त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट होते आणि रक्तातून वाहणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तेथे अडकून भिंतीतून पलीकडे सांध्यात उतरतात. निरोगी सांध्यातील द्रवात दर घन मिलिमीटरला 200 हून कमी पेशी असतात. या आजारात सुजलेल्या गुडघ्यातून काढलेल्या द्रवात त्या हजारोंनी सापडतात आणि बहुतेक न्यूट्रोफिल असतात. कूर्चेच्या (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाच्या) पृष्ठभागाला चिकटलेली प्रतिपिंडे त्यांना गिळता येत नाहीत, म्हणून जंतू मारण्यासाठी जवळ बाळगलेली विकरे त्या तेथेच ओततात आणि कूर्चा झिजते. हाड पोखरणाऱ्या पेशीही मॅक्रोफेजच्याच कुळातल्या असतात. म्हणूनच 'प्रतिकारशक्ती वाढवणारा' काढा द्यावा का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर 'नको' असे आहे. जी शक्ती आधीच चुकीच्या जागी राबते आहे, ती वाढवून काय साधणार?

आता त्या पुड्यांविषयी, कारण आमचे सर्वांत मोठे नुकसान त्यांनीच केले. पिवळसर कागदाच्या घडीत दोन पांढऱ्या गोळ्यांचे अर्धे तुकडे आणि चिमूटभर भुकटी असे. औषधांची नावे लिहून मागितली तर 'आमचे औषध गुप्त आहे' असे उत्तर मिळे, आणि पावतीवर केवळ 'औषधे' एवढा शब्द व रक्कम. मी केंद्राचे नाव लिहिणार नाही. पण रुग्णाच्या पोटात काय जाते हे कागदावर लिहायला जे नकार देतात, त्यांच्या पायरीवर पुन्हा चढू नये, असे माझे ठाम मत आहे. पुढे अक्कांचा चेहरा गोल झाला, साखर वाढली, आणि दुसऱ्या एका फिजिशियनांनी सकाळचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः तयार करते ते स्टेरॉइड, तपासले तेव्हा ते फारच कमी निघाले. पुड्यांत स्टेरॉइड असावे, हा त्यांचा अंदाज होता.

स्टेरॉइड हे वाईट औषध आहे, असे मी म्हणत नाही. 1948 मध्ये फिलिप हेंच या अमेरिकन डॉक्टरांनी कॉर्टिझोन हे स्टेरॉइड प्रथम याच आजाराच्या रुग्णाला दिले आणि 1950 चे नोबेल त्या कामाला मिळाले. आजही डॉक्टर ते मोजून-मापून, मुदत ठरवून देतात. परंतु ते नकळत पोटात जात असेल तर रक्ताचा रिपोर्ट दिशाभूल करतो. रक्तातील न्यूट्रोफिलपैकी जवळजवळ अर्ध्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतात आणि मोजणीत येत नाहीत. स्टेरॉइडमुळे त्या सुटून प्रवाहात येतात, शिवाय अस्थिमज्जेतूनही नव्या सोडल्या जातात, आणि ऊतींत उतरणाऱ्या मात्र कमी होतात. एसटी स्टँडच्या कठड्याला टेकलेली माणसे रस्त्यावर आली म्हणून सोलापूरची वस्ती वाढत नाही, तसेच हे. संख्या वाढते, सूज उतरते, आणि रिपोर्ट वाचणारा म्हणतो, 'इन्फेक्शन आहे.'

अक्कांच्या रिपोर्टमध्ये हा विरोध एकाच पानावर छापलेला होता: एकूण पांढऱ्या पेशी 14,200, न्यूट्रोफिल 84 टक्के, आणि सीआरपी हे सूज दाखवणारे प्रथिन मात्र आधीच्या महिन्यापेक्षा निम्म्याने कमी. सीआरपी यकृतात तयार होते आणि त्याला मुख्यतः इंटरल्युकिन-6 चालना देते. त्यामुळे जंतुसंसर्ग जोरात असता तर ते सहसा चढलेले दिसले असते. तरीही प्रतिजैविके चालू राहिली, पुड्याही चालू राहिल्या, आणि त्या आरामाच्या आड हाडे पोखरली जात राहिली. नेमके उपचार सुरू होईपर्यंत त्यांच्या उजव्या हाताची बोटे करंगळीकडे झुकली होती. पान गुंडाळून होई, पण दोरा बांधल्यावर विडीचे टोक मुडपायला अंगठ्यात जोर उरला नव्हता.

म्हणून आपण उरलेल्या पुड्या आणि जुने सगळे रिपोर्ट घेऊन फिजिशियन किंवा संधिवाततज्ज्ञांकडे जा. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलची मेडिसिन ओपीडी आहेच. पुड्या किती काळ चालू आहेत, हे आधी सांगा आणि 'रक्ताच्या चाचणीवर स्टेरॉइडचा परिणाम असू शकेल का?' असे सरळ विचारा. मात्र पुड्या आपल्या मनाने एकदम बंद करू नका. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते, आणि ते अचानक तोडल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. उलट, ताप, थंडी किंवा एकच सांधा अचानक लाल होऊन फुगला, तर माझे हे सारे विवेचन बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण स्टेरॉइड घेणाऱ्याला खरा जंतुसंसर्गही लवकर होतो.

पुढे मेथोट्रेक्सेट हे या आजारावरचे औषध लिहून दिले, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत, म्हणून चिठ्ठीवर वार अक्षरी लिहून घ्या. टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनचा विषय निघाल्यास त्याआधी क्षयरोगाची तपासणी करण्याचा आग्रह धरा, कारण दबून असलेल्या क्षयाच्या जंतूंना मॅक्रोफेज पेशी याच टीएनएफच्या जोरावर कोंडून ठेवतात.